बाळाच्या नावाचा पैसा कोणत्या वाटेने येतो?

मुलं वाढवणाऱ्या घरांना हातभार लावायचा असेल तर सरकारपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. आईबापांच्या प्राप्तिकरात सूट द्यायची, नाहीतर प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम सरळ घरी पोचवायची. तिजोरीवरचा भार दोन्हीकडे सारखा ठेवता येतो. पण तोच पैसा शेवटी कोणाच्या घरी उतरतो हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं सोनाळा घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, वरच्या अंगाला अंबाबरवा अभयारण्याचं जंगल, खाली कपाशी, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागा. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दोन मुलांच्या शाळेच्या फीची वजावट मिळते. समजा, दोन मुलांची मिळून फी ३०,००० रुपये झाली. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या पगारदाराचे त्यातून ९,००० रुपये वाचतात, उपकर वेगळाच. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे ६,००० वाचतात. आणि सोनाळ्यात कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचे? शून्य. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही आणि मजुरी कराच्या उंबरठ्यापर्यंतही जात नाही. जिथे करच नाही तिथे सूट कशातून देणार? श्रीमंताच्या मुलाला जास्त द्या असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, तरी निव्वळ गणितामुळे तसं घडतं. मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

कुटुंबाचा विचार आपल्या प्राप्तिकरात आणला तो रायगडच्या मातीतल्या अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी. १९५५-५६च्या अर्थसंकल्पात त्यांनी विवाहितांची करमुक्त मर्यादा १,५०० वरून २,००० रुपये केली आणि अविवाहितांची १,००० वर आणली. कुटुंबभत्त्याच्या दिशेने टाकलेलं ते पाऊल होतं, आणि पुढे काही काळ मुलांच्या संख्येनुसारही सूट मिळाली. हेतू मोठा होता. पण कर भरणारे तेव्हा मूठभर, आणि खेड्यातलं मूल त्या हिशेबात येऊच शकत नव्हतं.

ब्रिटनने हा पेच सोडवला त्याची हकिगत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. तिथे १९०९पासून मुलांसाठी करसूट होती. ती बहुतेक वेळा बापाच्या पगारात मुरायची. त्याच्या जोडीला १९४६पासून दुसऱ्या आणि पुढच्या मुलांसाठी आठवड्याला पाच शिलिंगांचा भत्ता सुरू झाला. तो आईच्या हाती पडावा म्हणून एलेनॉर रॅथबोन ही खासदार बाई पार्लमेंटात झगडली होती. १९७५च्या कायद्याने ही सूट आणि हा भत्ता, दोन्ही मोडीत काढून एकच सार्वत्रिक बालभत्ता आणायचं ठरलं. पहिल्या मुलापासून, सगळ्यांना. १९७६मध्ये मंत्रिमंडळच कचरलं. कारण सूट गेली की पुरुषांच्या हातात येणारा पगार घटणार, आणि पैसा त्यांच्या पाकिटातून निघून बायकांच्या बटव्यात जाणार! बातमी फुटली, गदारोळ झाला आणि १९७७च्या एप्रिलपासून भत्ता टप्प्याटप्प्याने सुरू झाला.

घराच्या एकूण मिळकतीत या बदलाने फारसा फरक पडला नव्हता. पैसा घेणारा हात तेवढा बदलला. वीस वर्षांनी, १९९७मध्ये, लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स या अर्थतज्ज्ञांनी त्या काळातल्या ब्रिटिश कुटुंबांचा खर्च तपासला. मुलं असलेल्या घरांत पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. पैसा कोणाच्या हाती पडतो यावर लेकराच्या अंगावरचा सदरा ठरतो, हे आपल्याकडच्या बचतगटातल्या कुठल्याही बाईला सांगायची गरज नाही. इथे ते आकड्यांत दिसलं.

अमेरिकेने २०२१मध्ये मुलांची करसवलत काही काळ रोख भत्त्यासारखी केली. कर न भरणाऱ्यांनाही ती पूर्ण मिळाली, जुलै ते डिसेंबर दर महिन्याला हप्ता आला. मुलांमधली गरिबी, सरकारी मदत धरणाऱ्या मोजमापानुसार, त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरली. सवलत संपली आणि २०२२मध्ये ही गरिबी १२.४ टक्के झाली.

भत्ता सगळ्यांना द्यायचा म्हटलं की श्रीमंताच्या मुलाला कशाला, हा प्रश्न येतोच. त्याच्याकडून कर घेताना ते पैसे परत येतात. उलट गरीब निवडायला बसलं की तलाठ्याचा अहवाल, सेतू केंद्र, उत्पन्नाचा दाखला, तहसीलदाराची सही हे सगळं आलं, आणि त्यापायी मजुरीचा दिवस बुडतो तो सगळ्यात गरजू आईचा. शाळेतल्या पोषण आहाराच्या पंगतीत कोणी दाखला मागत नाही, म्हणून तो आहार सगळ्या लेकरांपर्यंत जातो.

महाराष्ट्राने मुलांसाठी काही केलं नाही असं नाही. बाल संगोपन योजनेत एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांना महिन्याला २,२५० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी लेक लाडकी योजना आहे. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये. पण त्यासाठी मूल मुलगीच हवं, आणि शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी.

सगळ्यांनाच द्यायचं तर झेपेल का? २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतची मुलं सुमारे १ कोटी ३३ लाख होती. प्रत्येकाला महिन्याला ५०० रुपये धरले तर वर्षाचे साधारण ८,००० कोटी होतात. २०२४मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर करताना वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद सांगितली गेली होती. हा खर्च तिच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरतो.

लागणारी यंत्रणाही उभी आहे: जन्माची नोंद, अंगणवाडीतली मुलांची यादी, आईचं बँक खातं. राज्याने सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलापासून सुरुवात करावी, पैसे आईच्या खात्यात टाकावेत आणि उत्पन्नाचा दाखला मागू नये.