तुमच्या कॉलेजचा जीएस कोण निवडतं?

रखडलेला निकाल, हॉस्टेलचं पाणी, वाढलेली परीक्षा फी. यावर आपण रील बनवतो, स्टेटस ठेवतो. पण विद्यापीठाच्या बैठकीत हे प्रश्न मांडायचे कुणी? कायद्यात त्यासाठी एक जागा आहे : विद्यार्थी परिषद.

परिषदेत कोण असतं?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 च्या कलम 99 मध्ये याची रचना आहे. कॉलेजमध्ये अध्यक्ष, सचिव, प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गातला एक प्रतिनिधी असतो. हे सगळे विद्यार्थ्यांच्या मतांवर निवडून यावेत, असं कायदा सांगतो. एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागातून काही जणांची नेमणूक होते. कॉलेजांमधून निवडून आलेले प्रतिनिधी पुढे विद्यापीठाची परिषद निवडतात.

त्याने फरक काय पडतो?

विद्यापीठ परिषदेचा अध्यक्ष अधिसभेचा, म्हणजे सिनेटचा सदस्य असतो. तिथे प्राचार्यांचे 10, प्राध्यापकांचे 10, संस्थाचालकांचे 6 आणि पदवीधरांचे 10 निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. ज्यांच्यासाठी विद्यापीठ चालतं, त्या विद्यार्थ्यांचा आवाज आधीच तोकडा. निवडणूकच झाली नाही, तर तिथे तुम्ही निवडलेलं कुणीच नसतं.

मग मतदान का होत नाही?

1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेज निवडणुकांमधल्या हिंसाचारावर ओरड सुरू होतीच. 1994 च्या कायद्याने थेट निवडणूक बंद केली. वर्गात पहिला येणारा विद्यार्थी प्रतिनिधी ठरू लागला. अभ्यासात हुशार असणं आणि इतरांसाठी भांडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा प्रश्न मागेच राहिला.

2016 च्या कायद्याने मतदान परत आणलं. 2019 मध्ये वेळापत्रकही जाहीर झालं. पण विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन ते पुढे ढकललं गेलं आणि नंतर कोविड आला.

राडा होणार नाही?

ही भीती खोटी नाही. म्हणूनच लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये देशभर लागू केल्या. उमेदवाराला 5,000 रुपयांची खर्चमर्यादा, किमान 75 टक्के हजेरी, छापील पोस्टरला बंदी, राजकीय पक्षाचा पैसा वापरायला मनाई आणि निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब, असे हे नियम आहेत.

दिल्लीच्या जेएनयूमध्ये तर निवडणूक घेणारी समितीही विद्यार्थ्यांचीच असते. अध्यक्षपदाचे उमेदवार सगळ्यांसमोर वादसभेत उतरतात आणि प्रश्नांना उत्तरं देतात. तिथेही वाद आणि मारामाऱ्या झाल्या आहेत. पण पुढच्या वर्षी पुन्हा मत मागायला यायचंय, ही जाणीव विद्यार्थी संघटनांना राहते. नेमलेल्या प्रतिनिधीला ती चिंता नसते. त्याला नेमणाऱ्याला खूश ठेवलं तरी पुरतं.

तुम्ही काय करू शकता?

प्राचार्यांना लेखी विचारा : यंदा आपली परिषद कशी निवडली? सदस्य कोण? बैठका किती झाल्या? सरकारी विद्यापीठाला माहिती अधिकारातही हे विचारता येतं. अर्जाची फी 10 रुपये आहे आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.