मिडल : चर्चमधल्या बाकांवरून लिहिलेला गावाचा इतिहास

मिडल हे इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातले, श्रूजबरी शहराच्या उत्तरेला काही मैलांवर वसलेले शेतकऱ्यांचे गाव. आसपासच्या वाड्यांसह त्याचा एक पॅरिश होता. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख, एवढाच अर्थ घेतला तर सतराव्या शतकातला ग्रामीण इंग्लंड कळत नाही. रस्ते दुरुस्त करणे, चर्चपट्टी वसूल करणे, भटक्यांना हाकलणे ही सारी कामे पॅरिशची होती. 1601च्या कायद्याने तर गरिबांना पोसण्याचा भारही पॅरिशवरच पडला. त्यासाठीची पट्टी शेतकऱ्यांकडून घेतली जाई आणि ती कोणाला किती द्यायची, हे गावातलीच चार माणसे ठरवत. त्यामुळे कोण कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणत्या घरात किती वर्षे राहिला, हे माहीत असणे गावाच्या पैशाशी थेट जोडलेले होते.

ही माहिती ज्याच्या डोक्यात पक्की बसली होती, असा एक माणूस मिडलमध्ये होता. रिचर्ड गॉफचा जन्म 1635चा. मिडल पॅरिशमधल्या न्यूटन या वाडीत त्याची स्वतःच्या मालकीची शेती होती. तरुणपणी त्याने रॉबर्ट कॉर्बेट या स्थानिक न्यायाधीशाकडे कारकुनी केली. त्यामुळे खरेदीखते, भाडेपट्टे आणि मृत्युपत्रे वाचण्याची त्याला सवय झाली. वयाची पासष्टी आल्यावर, म्हणजे 1700 च्या सुमारास, तो पॅरिशचा इतिहास लिहायला बसला. सुरुवात त्याने त्या काळच्या रीतीप्रमाणे केली : पॅरिशच्या सीमा, किल्ला, चर्च, पाळक, जमिनी. हा भाग उपयोगी आहे, पण असे लिहिणारे त्या काळी इतरही होते. 1701मध्ये त्याने हाती घेतलेल्या दुसऱ्या भागाला मात्र तोड नाही.

त्या भागासाठी गॉफने चर्चच्या आतल्या बाकांचा नकाशा काढला आणि एकेका बाकापाशी थांबून तिथे बसण्याचा हक्क असलेल्या घराण्याची हकीकत लिहिली. या पद्धतीमागे व्यवहार होता. बाकावरचा हक्क माणसाचा नसून घराचा व शेताचा असे. शेत विकले की बाकावरची जागाही नव्या मालकाकडे जाई. एकाच बाकात दोन-तीन घरांचे वाटे असत आणि त्यावरून भांडणेही होत. पुढची बाके मोठ्या जमीनदारांची, त्यांच्यामागे मध्यम शेतकरी, आणि अगदी मागे व दक्षिणेच्या भिंतीकडे झोपडीत राहणारे मजूर. गावाची उतरंड रविवारी चर्चमध्ये जशीच्या तशी बसलेली दिसे. त्या काळी इतिहासात सहसा फक्त पुढच्या बाकांना जागा मिळे. गॉफ नकाशा धरून चालला होता, म्हणून त्याला मागच्या बाकांपर्यंत जावेच लागले. आपल्याकडचे कुलवृत्तान्त एका मूळ पुरुषापासून निघतात आणि एकाच घराण्यात राहतात. गॉफच्या पद्धतीत शिंपी, सुतार, खाणावळवाला आणि भीक मागणारा हे सगळे ओळीने येतात.

त्याचा हात कसा चाले, हे बाल्डर्टन वाडीच्या थॉमस हेवर्डवरून दिसते. हेवर्ड देखणा, लिहिता-वाचता, शेतीत जाणकार. इतरांच्या शपथेपेक्षा त्याच्या साध्या शब्दाला लोक जास्त मान देत. वडिलांकडून आणि चुलत्याकडून त्याला जमीन मिळाली. श्रूजबरीच्या एका शाळामास्तरांची मुलगी त्याने बायको म्हणून आणली आणि तिच्याबरोबर पैसा व शहरातली घरेही आली. बाई शहरी वळणाच्या, खेड्यात न रमणाऱ्या, जिभेने तिखट. घरात शांतता नाही म्हणून हेवर्ड दोन घास खायला गुत्त्यावर जाऊ लागला. माणूस सर्वांना हवाहवासा असल्याने तिथे त्याचा मुक्काम लांबत गेला. कळत-नकळत सारी मालमत्ता संपली आणि अखेरीस त्याला थोरल्या मुलाच्या आश्रयाला राहावे लागले. नवऱ्याची बाजू घेण्याकडे गॉफचा कल स्पष्ट आहे, आणि त्या बाईंचे म्हणणे कोणी लिहून ठेवले नाही. तरीही एका कुटुंबाचा ऱ्हास इतक्या थोड्या ओळींत इतका नेमका उभा करणारे लेखन त्या काळात दुर्मीळ आहे.

राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाची त्याची नोंद याच जातीची आहे. 1642मध्ये राजा पहिला चार्ल्स श्रूजबरीला आला, तेव्हा आसपासच्या पुरुषांना मिडलच्या टेकडीवर जमण्याचा हुकूम निघाला. सात-आठ वर्षांचा गॉफ ते पाहायला गेला होता. राजाकडून लढणाऱ्याला आठवड्याला 14 ग्रोट मिळतील, असे तिथे जाहीर झाले; ग्रोट म्हणजे चार पेनींचे नाणे. मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून 20 जण गेले आणि त्यांतले 13 मारले गेले. गॉफ त्यांची नावे देतो. गुहेत राहणारा प्रीस आपल्या तीन मुलांसह गेला. दोन मुलगे हाय अर्कल गावी लढताना पडले, तिसरा पुढे घोडे चोरल्याबद्दल फासावर गेला, आणि म्हातारा मात्र अंथरुणात मेला. तीन वस्त्यांतून एवढी माणसे गेली, तर साऱ्या देशातून किती हजार गेली असतील, असा हिशोब गॉफ मांडतो. त्या युद्धाच्या बहुतेक इतिहासांत सामान्य शिपायाला नाव नाही. इथे त्याला घर आहे, बाप आहे आणि चर्चमधली जागा आहे.

शेवटी गॉफ गरिबांवरून इतर पॅरिशांशी झालेल्या कज्ज्यांकडे वळतो. 1662च्या कायद्याने, वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात येऊन राहणारा आणि गावावर भार होईल असा वाटणारा परका माणूस 40 दिवसांच्या आत तक्रार झाल्यास मूळ पॅरिशला परत धाडता येई. त्यामुळे एखादे लंगडे पोर किंवा निराधार बाई कोणी पोसायची, यावर दोन गावे न्यायालयात भिडत. या कज्ज्यांत गॉफ पूर्णपणे आपल्या गावाच्या बाजूने बोलतो. त्या माणसांचे हाल त्याच्या लेखणीखाली फारसे येत नाहीत. पुस्तकाची ही मर्यादा वाचताना खटकते.

गॉफची स्मरणशक्ती कितपत भरवशाची, हे पडताळता येते ते पॅरिशच्या नोंदवह्यांमुळे. 1538मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम दिला. 1598पासून ती चर्मपत्रावर करणे आणि दरवर्षी बिशपकडे नक्कल पाठवणे सक्तीचे झाले. इतिहासकार डेव्हिड हे यांनी या वह्या, मृत्युपत्रे आणि मृतांच्या सामानाच्या याद्या गॉफच्या मजकुराशी ताडून 1974मध्ये मिडलवर ग्रंथ प्रसिद्ध केला. गॉफ बहुतेक ठिकाणी अचूक ठरला.

नुसत्या वह्यांवरूनही पुष्कळ काढता येते. डेव्हन परगण्यातल्या कॉलिटन पॅरिशच्या नोंदींतून ई. ए. रिग्ली यांनी एकेका कुटुंबाची चिठ्ठी जुळवली आणि 1966मध्ये दाखवले, की सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या मुलींचे पहिले लग्न सरासरी तिशीच्या आसपास होत होते. जुन्या काळी सगळीकडे लहानपणीच लग्ने होत, हा समज अशा आकड्यांनी मोडला. पण लग्नानंतर घर कसे चालले, ते वही सांगत नाही. तिथे गॉफच हवा.

गॉफ 1723मध्ये वारला. त्याचे हस्तलिखित पहिल्यांदा 1834मध्ये आणि संपूर्ण स्वरूपात 1875मध्ये छापले गेले. 1981मध्ये डेव्हिड हे यांच्या संपादनाखाली पेंग्विनने त्याची स्वस्त आवृत्ती काढली. गॉफला ज्यांवर पडताळले, तशा वह्याही पाहता येतात : 1978च्या नियमानुसार चर्चमधल्या शंभर वर्षांहून जुन्या वह्या सहसा परगण्याच्या अभिलेखागारात जमा कराव्या लागतात. श्रॉपशरचे अभिलेखागार श्रूजबरीत आहे आणि ते सर्वांना खुले आहे.