गेमिंगचा संगणक : तयार घ्यावा कीं जुळवून घ्यावा?

गेल्या दिवाळीनंतर एके दिवशीं शाळा सुटण्याच्या सुमारास एक पालक आपल्या मुलास घेऊन मजकडे आले. कापसाचे पैसे नुकतेच हातीं आले होते. गेम खेळतां येतील असा संगणक घ्यावा म्हणून मुलानें कित्येक महिने हट्ट धरला होता. आणि सहामाही परीक्षेंत त्यानें गुणही चांगले मिळविले असल्यामुळें वडिलांस तो हट्ट मोडवत नव्हता. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं म्हनते सामान आनून घरीच जोडू, दुकानदार म्हनते तयारच घेऊन जा. मले त यातलं काई समजत नाई. पैसा वाया नाई गेला पायजे, एवढंच." या शेवटच्या वाक्यांत प्रश्नाचें सारें मर्म आलें आहे. त्या दिवशीं वेळ थोडा होता, म्हणून उत्तरही थोडक्यांत दिलें. हा प्रश्न आतां आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांतून निघत असल्यामुळें तें येथें सविस्तर देत आहें.

संगणक घरीं बनवितात असें म्हटलें म्हणजे घरांत कारखानाच काढावयाचा अशी पुष्कळांची समजूत होते. तसें कांहीं नाहीं. संगणकाचे सर्व भाग कारखान्यांतच तयार होतात. ते निवडावयाचे कोणीं व एकत्र जोडावयाचे कोणीं, एवढाच काय तो प्रश्न. कपड्यांचा दाखला घ्या. कोणी बाजारांतून तयार सदरा आणतो. कोणी कापड पसंत करून शिंप्याकडून मापाप्रमाणें शिवून घेतो. आणि ज्या घरीं शिलाईचें यंत्र व शिवणाचें ज्ञान आहे, तेथें सदरा घरींच शिवला जातो. संगणकाच्याही अशाच तीन वाटा आहेत. पहिली, कंपनीनें खोक्यांत बंद करून विकलेला तयार संगणक. दुसरी, आपण भाग निवडून दुकानदाराकडून 'असेंबल' करून घेतलेला संगणक. तिसरी, आपल्या हातांनीं जोडलेला संगणक. वरील गृहस्थ पहिली व तिसरी एवढ्या दोनच वाटा समजून बुचकळ्यांत पडले होते. मधली वाट त्यांस कोणी दाखविलीच नव्हती.

तयार घ्यावें कीं जुळवावें, हा पेंच आपल्या देशापुढेंही पडला होता. १९५५ सालीं कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनें इंग्लंडहून एक संगणक विकत आणला. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें आपला संगणक आपणच रचण्याचें काम हातीं घेतलें. तो १९६० सालीं पूर्ण होऊन चालूं लागला व पुढें त्यास 'टिफ्रॅक' हें नांव मिळालें. नंतर अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था निघाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे आपल्या वऱ्हाडांतलेच, अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे. त्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, 'परम'मधील ट्रान्सप्यूटर नांवाचे प्रोसेसर इंग्लंडच्या इन्मॉस कंपनीचे, विकत मिळणारे होते. भाग परक्यांचे, परंतु ते किती घ्यावे, कसे जोडावे व त्यांजकडून काम कसें करवून घ्यावें, हें ज्ञान आपलें. जुळविणाऱ्याचें खरें भांडवल हेंच होय.

घरोघरच्या संगणकास ही सोय प्राप्त झाली ती प्रमाणबद्ध मापांमुळें. १९८१ सालीं आय्.बी.एम्. कंपनीनें आपला पी.सी. बहुतांशीं बाजारांत मिळणाऱ्या भागांपासून बनविला. आणि १९९५ सालीं इंटेल कंपनीनें 'ए.टी.एक्स्.' नांवाचें मापांचें प्रमाण घालून दिलें. म्हणून आज एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटांत नीट बसतो. तथापि कांहीं मोठ्या कंपन्या आपल्या तयार संगणकांत निराळ्या मापाचा मदरबोर्ड किंवा वीजपुरवठा घालतात. असा संगणक पुढें वाढवूं म्हटलें तर बाजारांतील भाग त्यांत बसत नाहीं. तयार संगणक घेणारानें हा प्रश्न आधींच विचारावा.

आतां आंतील भाग पाहूं. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्रें काढतें, रॅम चालूं कामाची आठवण ठेवते, एस्.एस्.डी.मध्यें गेम व इतर सर्व सामग्री साठविलेली असते, मदरबोर्ड या सर्वांस एकत्र बांधतो, आणि एस्.एम्.पी.एस्. म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा भिंतींतील २३० व्होल्टची वीज घेऊन प्रत्येकास सोसेल अशी वांटून देतो. गेमिंगचें गाडें मुख्यत्वें प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड या दोन बैलांवर चालतें. जोडींतील एक बैल तरणा व दुसरा थकलेला असला म्हणजे गाडी थकलेल्याच्याच चालीनें चालते, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. जाहिरातींत मात्र बहुधा एकाच बैलाचें नांव मोठ्या अक्षरांत असतें. 'आय्-सेव्हन' एवढें ऐकून भुलूं नये. तो कोणत्या पिढीचा आहे, आणि त्याजबरोबर ग्राफिक्स कार्ड कोणतें आहे, हें विचारावें. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटीं 'एफ्' असतो, त्यास चित्रें काढण्याची अंगची शक्ति नसते. वेगळें कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो.

मॉनिटरचाही विचार याच वेळीं करावा. जो मॉनिटर सेकंदास ६० चित्रें दाखवितो, त्यासाठीं सेकंदास दीडशें चित्रें काढणारें महागडें कार्ड घेणें म्हणजे घागरभर पाणी तांब्यांत ओतणें होय. साधारण नियम असा कीं, संगणकाच्या पेटीवर खर्चावयाच्या रुपयांतील पांचसहा आणे ग्राफिक्स कार्डास द्यावे, बाकीच्यांत इतर भाग बसवावे, आणि एस्.एम्.पी.एस्.वर कधींही काटकसर करूं नये.

हा शेवटचा उपदेश मी पुस्तकांतून घेतलेला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मीं मुलासाठीं एका दुकानांतून जुळविलेला संगणक घेतला. बोर्डावर मोठें नांव पाहिलें, पेटींतील रंगीत दिवे पाहिले, आणि पैसे मोजले. दुसऱ्या उन्हाळ्यांत एका संध्याकाळीं वीज जाऊन परत आली, पेटींतून जळका वास सुटला, आणि दिवे विझले ते विझलेच. उघडून पाहतां एस्.एम्.पी.एस्.वर कोणा कंपनीचें नांवच नव्हतें. जातांना तो मदरबोर्डासही घेऊन गेला होता. दुकानदाराकडे गेलों, तर त्यानें माझेंच बिल मजपुढें धरलें. त्यावर एकच ओळ होती : 'कॉम्प्युटर सेट, नग एक.' कोणता भाग, कोणत्या कंपनीचा, किती वर्षांच्या वॉरंटीचा, कांहीं नाहीं. दोष त्याचा होताच. परंतु तें बिल न वाचतां घडी करून खिशांत घालणारा पदवीधर शिक्षक मीच होतों.

त्यानंतर मुलानें व मीं एका वहींत यादी केली, दोन हप्त्यांनीं भाग आणले व एका रविवारीं जेवणाच्या मेजावर जोडले. हात लावण्यापूर्वीं कॅबिनेटच्या धातूस स्पर्श करून अंगांतील स्थिर वीज घालवावयाची, प्रोसेसर खांचेंत दाबून बसवावयाचा नाहीं, त्यावर औष्णिक लेप वाटाण्याएवढाच घालावयाचा, रॅमची पट्टी टक् असा आवाज होईपर्यंत बसवावयाची, हें सर्व शिकलों. एवढें करूनही पडद्यावर कांहीं दिसेना. दोन तास शोध केल्यावर माझ्या कन्येनें दाखविलें कीं, मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्डास न लावतां आम्हीं मदरबोर्डास लावली होती! तो संगणक अद्याप चालत आहे, आणि त्यांतील एखादा भाग बिघडला तर कोणता, हें घरांतील सर्वांस ओळखतां येतें.

म्हणून प्रत्येकानें घरींच जोडावा असें मात्र मी म्हणत नाहीं. तयार संगणकाचे गुण खरे आहेत. एक बिल, एक वॉरंटी, विंडोज अधिकृतपणें घातलेलें, आणि बिघाड झाल्यास जाब विचारावयास एकच दार. कधीं कधीं तो स्वस्तही पडतो. २०२०-२१ मध्यें करोनाची सांथ व आभासी चलनाचा हव्यास यांमुळें ग्राफिक्स कार्डें सुटीं मिळेनाशीं झालीं, तेव्हां कार्डासह तयार संगणक घेणेंच पुष्कळांस परवडलें. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठाल्या केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव भडकले. तेव्हां 'जोडलेला नेहमींच स्वस्त' हें जुनें वचन आंधळेपणानें मानूं नये. खरेदीच्या आठवड्यांत दोन्हींचे भाव शेजारीं शेजारीं मांडून पाहावे.

हातानें जोडण्यांत निवड आपली, वाढविण्याची सोय आपली, आणि विद्या आपली. पेटीबंद मिळणाऱ्या प्रोसेसरांवर इंटेल व ए.एम्.डी. या दोन्ही कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात; इतर भागांची मुदत ज्याची त्याची निराळी असते. पण बिघाड शोधण्याचें ओझेंही आपलेंच. रॅम डी.डी.आर्.-५ आणि मदरबोर्ड डी.डी.आर्.-४ चा, अशी चूक झाली तर पट्टी खांचेंत बसतच नाहीं, आणि बदलून आणण्यास नागपूरच्या सीताबर्डीपर्यंत जाणें म्हणजे यवतमाळहून सुमारें दीडशें किलोमीटर जाणें व तितकेंच परत येणें. याकरितां ज्यास अनुभव नाहीं व मदतीस कोणी जाणता नाहीं, त्यास मधली वाट बरी : यादी आपली, जोडणी दुकानदाराची.

आपल्या भागाच्या आणखी दोन गोष्टी कोणतीही वाट धरली तरी लागू आहेत. येथील उन्हाळ्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हां पुढून कांचेनें बंद केलेल्या शोभिवंत पेटीपेक्षां जाळीची, हवा खेळती ठेवणारी पेटी घ्यावी, आणि चैत्रापूर्वीं तींतील धूळ व कापसाचे तंतू साफ करावे. दुसरी गोष्ट विजेची. घरांत आर्थिंग नीट आहे कीं नाहीं हें वायरमनकडून तपासून घ्यावें, आणि यू.पी.एस्. हिशेबानें घ्यावा. '६०० व्ही.ए.' लिहिलेला साधा यू.पी.एस्. बहुधा सुमारें ३६० वॅटचाच भार पेलतो. आर्.टी.एक्स्. ४०६० हें कार्ड एकटें ११५ वॅट वीज घेतें, तर ४०९० हें ४५० वॅट. पहिल्यास तो पुरेल. दुसऱ्यापुढें तो क्षणभरही टिकणार नाहीं.

तर मग निर्णय कसा करावा? विद्यार्थ्यांनो, तयार संगणक घ्यावयाचा असला तरी तो आधीं कागदावर जोडा. कोणते गेम खेळावयाचे, अभ्यासाचें कोणतें काम करावयाचें, हें पहिल्या ओळींत लिहा. खालीं प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एस्.एस्.डी., एस्.एम्.पी.एस्., कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड व माउस, यू.पी.एस्. आणि विंडोज, अशा अकरा ओळी लिहून प्रत्येकीपुढें नांव, किंमत व वॉरंटी मांडा. हीच यादी घेऊन दोनतीन दुकानें फिरा. पालकांनीं बिलावर याच अकरा ओळी उतरवून घ्याव्या. शक्य तेथें भागाचा अनुक्रमांकही लिहवून घ्यावा. असें बिल हातीं असलें म्हणजे फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. 'नग एक' एवढ्या बिलावर आपण काय मागितलें होतें हेंच सिद्ध होत नाहीं.

पंधरा दिवसांनीं तेच गृहस्थ मला बाजारांत भेटले. मुलानें अकरा ओळींची यादी केली होती. तिसऱ्या दुकानांत खुद्द वडिलांनींच विचारलें होतें, "एस्.एम्.पी.एस्. कोन्त्या कंपनीचा हाय?" तेव्हां दुकानदारानें प्रथमच मान वर करून त्यांस बसावयास खुर्ची दिली. पुढें रंगीत दिव्यांची पेटी सोडून त्या पैशांत यू.पी.एस्. घेण्याचें बापलेकांनीं ठरविलें, आणि संगणक यवतमाळांतच असेंबल करून घेतला. जोडणी चालूं असतां मुलगा शेजारीं उभा राहून प्रत्येक भाग यादीशीं ताडून पाहत होता.

"यावेळी त्यानं पायलं," ते गृहस्थ म्हणाले, "पुढच्या खेपेले तोच जोडन."