कालवा संपतो तिथून पुढे: २५० मैलांच्या बोटप्रवासाला निघताना

मागच्या भागात बोटीचा ओझरता उल्लेख केला आणि तेवढ्यावर प्रश्नांचा पाऊस पडला. म्हणून आजचा भाग पूर्ण त्यावरच. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा.

येत्या शनिवारी आम्ही चौघं इंग्लंडमध्ये तीन आठवड्यांच्या बोटप्रवासाला निघतोय. मी, माझा मावसभाऊ, वहिनी आणि पुण्याहून आलेली मावशी. बोट दादाची, म्हणजे मावसभावाची. तिला नॅरोबोट म्हणतात: ५७ फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद. आपल्या एसटीपेक्षा अरुंद आणि जवळपास दीडपट लांब. आत स्वयंपाकघर, झोपायची जागा, शॉवर, सगळं एकामागे एक, रेल्वेच्या डब्यासारखं.

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नीरेचा कालवा येतो, शेताला पाणी देणारा. इंग्लंडमधले हे कालवे मालवाहतुकीसाठी खणले. रेल्वे यायच्या आधी कोळसा यावरूनच जायचा, काठाने घोडा बोट ओढायचा. आमच्या वाटेवरचा ऑक्सफर्ड कालवा १७९० साली पूर्ण झाला. खोदाई वाचवायला तो डोंगरउताराच्या कडेकडेने नेलाय. त्याचा सगळ्यात उंचावरचा टप्पा ११ मैलांचा आहे, सरळ रेषेत अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी!

आता मार्ग. ब्राउन्स्टन गावातून निघायचं, ऑक्सफर्ड कालव्याने दक्षिणेला ऑक्सफर्डपर्यंत, तिथे थेम्स नदीत उतरायचं, नदीने लंडनच्या कडेला ब्रेंटफर्डपर्यंत, आणि मग ग्रँड युनियन कालव्याने ९३ मैल वर परत ब्राउन्स्टन. या चक्राला 'थेम्स रिंग' म्हणतात. सुमारे २५० मैल आणि १७५ च्या आसपास लॉक.

वेळेचा हिशोब सोपा आहे. मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तीनने भागा, तेवढे तास. म्हणजे आमचे साधारण १४० तास, रोजचे सात धरले तर २० दिवस. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, प्रत्यक्षात माणूस चालतो तेवढाच वेग. मागच्या रविवारी छोटी चक्कर मारली तेव्हा मावशी म्हणाली, "अगं, एवढ्या वेळात मी चालत पुढे जाऊन चहा टाकला असता." खरंच टाकता आला असता.

लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. आत शिरायचं, मागचे दरवाजे लावायचे, लोखंडी हँडलने झडपा उघडायच्या, पाणी भरतं किंवा उतरतं आणि त्यासोबत बोट. खाली उतरताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. वरच्या दरवाजाखाली दगडी पायरीसारखा भाग पुढे आलेला असतो, त्याला सिल म्हणतात. पाणी भरलेलं असताना तो दिसत नाही. बोटीचं मागचं टोक त्यावर राहिलं तर पाणी उतरताना पुढचं टोक खाली जातं, मागचं अडकतं, आणि बोट काही मिनिटांत बुडू शकते. सिल कुठवर आहे हे दाखवायला काठावर पांढरी रेघ असते. ती बघत उभं राहायचं काम मावशीने मागून घेतलंय. दादाच्या हातात सुकाणू, पण "थांब" म्हणायचा अधिकार तिचा.

पण खरा प्रश्न लॉकचा नाहीच. कालव्यात पाणी जवळपास स्थिर आणि बहुतेक ठिकाणी तीन-चार फूट खोल. पडलात तर उभं राहायचं, हा इथला जुना विनोद. इंजिन बंद पडलं तर बोट तिथेच थांबते. नदीत तसं नसतं. इंजिन बंद पडलं की प्रवाह तुम्हाला नेतो, आणि थेम्सवर लॉकच्या शेजारी बंधारा असतो. म्हणून नांगर पुढच्या टोकाला, साखळी आणि दोरासकट बांधून तयार ठेवायचा, कपाटात नाही. लाइफ जॅकेट चौघांनाही. थेम्ससाठी पर्यावरण खात्याचा वेगळा परवानाही लागतो.

पाऊस झाला की थेम्सच्या लॉकवर पाट्या लागतात. पिवळी म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, सांभाळून. लाल म्हणजे जोरदार प्रवाह, बोट सुरक्षित जागी बांधून ठेवा. कुठल्या टप्प्यात कुठली पाटी आहे ते मोबाइलवर दिसतं, त्यामुळे ऑक्सफर्डला पोहोचायच्या आधीच कळेल.

इथेच आमच्या घरात दोन रात्री चर्चा झाली. मावशीचं परतीचं विमान ठरलेलं आहे आणि ती ६८ वर्षांची आहे. दादाचं म्हणणं, लाल पाटी असेल तर थांबू, ओसरेल की. माझं म्हणणं, किती दिवस थांबायचं ते आत्ताच ठरवू. कारण ५७ फुटांची बोट कालव्यात कुठेही वळत नाही. त्यासाठी ठरावीक ठिकाणी काठ रुंद केलेला असतो, 'विंडिंग होल' म्हणतात त्याला. (हो, 'विंडिंग'च, वाऱ्यातलं विंड.) शेवटी ठरलं ते असं: ऑक्सफर्डला तीन दिवस वाट बघायची. चौथ्या सकाळी लाल पाटी असली तर बोट वळवायची आणि आल्या वाटेने परत. पिवळी 'वाढतोय' पाटी असली तरी नदीत उतरायचं नाही, हे वहिनीने त्यात घातलं, आणि मला ते पटलं.

नदीचा शेवटचा तुकडा, टेडिंग्टन ते ब्रेंटफर्ड, भरती-ओहोटीचा आहे. जेमतेम पाच मैल, पण टेडिंग्टनहून भरतीची वेळ बघूनच निघायचं आणि ब्रेंटफर्डचं लॉक आधी बुक करायचं. भाड्याच्या बऱ्याच बोटींना इथे यायची परवानगीच नसते. कोकणातल्या तरीवाल्याला यात नवल वाटणार नाही, पण ऑफिसात बसून वेळापत्रक करणाऱ्या मला वाटलं.

बाकी तयारी किरकोळ: डिझेल, पाण्याची टाकी, मावशीचं मेतकूट आणि लोणचं. आणि हो, टॉयलेटची टाकी दर दोन-तीन दिवसांनी स्वतः नेऊन रिकामी करावी लागते. ते काम चिठ्ठ्या टाकून दादाकडे गेलंय.

पुढचा भाग बॅनबरीहून, रेंज मिळाली तर. तोवर लाल पाटीचं काय झालं ते विचारू नका, आम्हालाही तेव्हाच कळणार आहे.