सोन्याने तोललेली लोकर आणि रेशीम कोषाचे मोल

तलम मेरिनो लोकर पिकविणाऱ्या मेंढपाळांसाठी इटलीतील झेन्या या वस्त्रनिर्मात्या घराण्याने १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात स्पर्धा सुरू केली. २००२ पासून १३.९ मायक्रॉन वा त्याहून तलम लोकरीसाठी ‘व्हेलस ऑरियम’, म्हणजे ‘सोनेरी लोकर’, हा स्वतंत्र पुरस्कार दिला जातो. विजेत्याला लोकरीच्या वजनाइतके सोने मिळते. २०१० मध्ये न्यू साउथ वेल्समधील १० मायक्रॉनची लोकर विजयी ठरली.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असते व ती घोंगडीला योग्य ठरते. तथापि तितकाच तलम तंतू मराठवाड्यातील शेतकरीही पिकवितो. रेशमावरील सेरिसिन हा डिंक काढल्यावर उरणारा एकेरी तंतू साधारण १० ते १३ मायक्रॉन जाडीचा असतो. या तंतूची कसोटी लागते ती बंगळूरु-म्हैसूर मार्गावरील रामनगरच्या कोष बाजारात.

लिलावातील कसोटी

जालना येथे २०१८ मध्ये कोष बाजारपेठ सुरू होण्यापूर्वी मराठवाड्यातील अनेक उत्पादक आठशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून रामनगर गाठत. आजही चांगल्या दरासाठी काही जण तेथे जातात. कोष विणल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पतंग कवच भेदून बाहेर पडतो आणि अखंड धागा मिळेनासा होतो. त्यामुळे दर न पटल्यास माल परत नेणे परवडत नाही.

मेरिनोची तलमता प्रयोगशाळेत मोजली जाते. कोषाचा दर मात्र पुष्कळदा खरेदीदाराच्या नजरेवर ठरतो. त्याचे गणित धाग्याच्या उताऱ्याचे असते. एक किलो धाग्यास साडेसहा किलो कोष लागत असतील, तर १०० किलो कोषांतून सुमारे १५.४ किलो धागा मिळतो. आठ किलो लागल्यास तो साडेबारा किलोवर येतो. हा जवळपास तीन किलोंचा फरक दरात उतरतो.

चंद्रिकेवरचे दिवस

बंगळूरुस्थित केंद्रीय रेशीम मंडळाच्या म्हैसूर येथील संशोधन संस्थेने दुबार संकरित जाती विकसित केल्या. परंतु उत्तम जातीचे अंडीपुंज व सकस तुतीपाला मिळूनही अखेरच्या आठवड्यातील दुर्लक्ष सारे श्रम वाया घालविते. कोष विणताना कीटक पुष्कळ ओलावा बाहेर टाकतात. हवा कोंडल्यास सेरिसिन सावकाश वाळते, धाग्याचे थर एकमेकांस घट्ट चिकटतात आणि धागा काढताना तो वारंवार तुटतो.

यासाठी पुढील दक्षता आवश्यक आहे :

- चंद्रिकेवर कीटकांची दाटी करू नये; दाटीमुळे दुहेरी कोष वाढतात.
- तापमान २४ ते २५ अंश सेल्सिअस, आर्द्रता ६० ते ६५ टक्के राखावी व हवा खेळती ठेवावी.
- सहाव्या-सातव्या दिवशी, आतील प्यूपा तपकिरी व टणक झाल्यावरच काढणी करावी.
- डागी, पोचट व दुहेरी कोष वेगळे काढावेत.

मापाची नोंद

विक्रीपूर्वी काही कोष कापून कवचाचे वजन घ्यावे, त्यास संपूर्ण कोषांच्या वजनाने भागून शंभराने गुणावे. चांगल्या दुबार कोषात हे प्रमाण साधारण २० टक्क्यांहून अधिक असते. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक पिकाची ही नोंद जातीसह व मिळालेल्या दरासह ठेवण्यास उत्पादकांना प्रवृत्त करावे. अशा नोंदी हाती असल्यास लिलावात उभा असलेला शेतकरी आपल्या मालाची प्रत आकड्यांनिशी सांगू शकेल आणि दर कमी मिळाल्यास उणीव चंद्रिकेवर राहिली की बाजारात, हेही त्यास कळेल.