एका घरात दोन खाटा

मध्यप्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, रामाकोन्यात कुणाला लकवा झाला की पहिले काही दिवस दवाखान्याचे असतात. सौंसर, छिंदवाडा, नाहीतर थेट नागपूर. मग डिस्चार्जचा कागद मिळतो, माणूस घरी येतो आणि खरी सेवा तिथून सुरू होते. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर तालुका त्यात गेला, कागदावरचा पत्ता बदलला. पण घरी येऊन अंग पुसून देणारी, कूस बदलून देणारी नर्स खेड्यात सहजी मिळत नाही. ते काम घरचंच माणूस करतं, आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बायको. तिचंही वय पन्नास-पंचावन्न झालेलं असतं. त्याच घरात ऐंशीला टेकलेली सासू असली, तर दोन खाटांचा भार एकाच पाठीवर येतो.

ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट असतात. नवऱ्याचं अंग हलत नाही, पण त्याला सगळं कळतं. सासू चालती-फिरती असते, पण तिला कधी कधी काळवेळ कळत नाही. त्याला उचलायला दोन हात लागतात, तेवढ्यात ती दार उघडून अंगणात गेलेली असते. म्हणून काम कुठून सुरू करायचं हे आधी ठरवावं लागतं.

सुरुवात कातडीपासून करावी, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं आणि बऱ्याच अंशी ते घरी टाळता येतं. आपण झोपेत नकळत कूस बदलत असतो. लकवा झालेल्याला ते जमत नाही, आणि बाजू बधिर असेल तर दुखतंय हेही समजत नाही. हाड आणि गादी यांच्या मधलं मांस दाबलं जातं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. काही तास असंच राहिलं तर ते मांस मरायला लागतं. वर लहानशी जखम दिसते तोवर आत खड्डा पडलेला असू शकतो. माकडहाड, टाचा, खुबा, घोटे, खांद्याची फरी आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज आंघोळीच्या वेळी उजेडात पाहाव्यात. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडावं. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त अजून फिरतंय. दाबूनही लालच राहिली तर जखमेची सुरुवात झाली असं समजून त्या जागेवरचा भार त्याच क्षणी काढावा. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, तेव्हा ती जागा भोवतीपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहावं.

अशा डागावर तेल चोळायची आपल्याकडे सवय आहे. ते करू नये, आतलं दुखावलेलं मांस चोळण्याने आणखी फाटतं. बसायला मधोमध भोक असलेली गोल उशीही देऊ नये, तिच्या कडा चहूबाजूंनी रक्त अडवतात. दिवसा साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. अगदी कुशीवर न झोपवता पाठीमागे गोधडीची घडी लावून थोडंसं कललेलं ठेवलं की खुब्यावर सगळा भार येत नाही. पोटरीखाली उशी दिली की टाच अधांतरी राहते. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. आणि माणसाला खाटेवर कधीही ओढत वर सरकवू नये. अंगाखाली एक चादर दुहेरी घालून ठेवावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ती उचलून सरकवावं.

उठवण्या-बसवण्यात दोन माणसं जायबंदी होऊ शकतात, रोगीही आणि उचलणारीही. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढलं की खांद्याचा सांधा खाली उतरतो. त्याला धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेले असतात. मग जी कळ सुरू होते ती महिनोन् महिने जात नाही. त्यापेक्षा कमरेभोवती जाड सुती दुपट्टा घट्ट बांधावा आणि तो धरून आधार द्यावा. खुर्ची नेहमी त्याच्या धडधाकट बाजूला ठेवावी, म्हणजे वळताना चांगला पाय जोर घेतो. उचलणारीने कमरेत वाकू नये, गुडघ्यात वाकावं. खाट बुटकी असेल तर चारही पायांखाली पक्क्या बसणाऱ्या विटा लावाव्यात. दिवसातून किती वेळा वाकावं लागतं त्याचा विचार केला, तर या विटांइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. मात्र त्याला खाटेवरून उतरवताना त्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, तेवढीच उंची ठेवावी.

दुसरी मोठी भीती जेवणात आहे. लकव्यात बऱ्याचदा घशाचे स्नायूही कमजोर होतात आणि घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. त्यातून न्यूमोनिया होतो. आपल्याला वाटतं पातळ पदार्थ सोपा. उलट आहे. पाणी, चहा, ताक भराभर घसरतात आणि घशाला सावरायला वेळ मिळत नाही. जेवताना खोकला येणं, पाणी प्यायल्यावर आवाज ओला-घोगरा होणं ही त्याची खूण. अशा वेळी डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी आणि तोवर पाण्याची घाई करू नये. काहींना तर सुरुवातीला नाकातली नळीच लागते. तोंडाने देण्याची परवानगी असेल तर आपल्या घरचं जेवण सोयीचं आहे. ज्वारीच्या मऊ शिजलेल्या कण्या, घोटलेलं वरण-भात, घट्ट आंबील. सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली घेऊन, लहान चमच्याने, धड बाजूने घास द्यावा. एक गिळला की मगच दुसरा. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात घास अडकलाय का ते पाहून तोंड पुसून घ्यावं आणि अर्धा तास तरी आडवं करू नये. या पट्ट्यात भेटायला येणारा माणूस संत्री घेऊन येतो आणि प्रेमाने दोन फोडी भरवतो. फोडीची साल घशात अडकते आणि रस पटकन घसरतो. त्याला नम्रपणे थांबवायचा अधिकार घरच्या बाईला असला पाहिजे, पाहुणा कितीही मोठा असो.

सासूबाईंचं पाहताना एक गोष्ट ओळखायला शिकावं. विसरभोळेपणा हळूहळू, महिन्या-वर्षांत वाढतो. पण काल बरी असलेली आई आज एकदम बरळू लागली, माणसं ओळखेना, दिवसा झोपून राहू लागली, तर ते म्हातारपण नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, साखर उतरणं किंवा नवीन गोळी, यांपैकी काहीतरी घडलेलं असतं आणि त्यावर उपचार आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. नवतप्याच्या उन्हात तर ती मागेल तेव्हा पाणी द्यायचं म्हटलं तर उशीर होतो. त्यामुळे ठरावीक वेळेला पेला हातात द्यावा. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर मात्र तेच पाळावं. संध्याकाळी काहींची बेचैनी वाढते, “मला घरी जायचं” सुरू होतं. अशा वेळी वाद घालून उपयोग होत नाही. दिवा लवकर लावावा, जवळ बसावं, हातात वाती वळायचं किंवा शेंगा सोलायचं काम द्यावं. रात्री खाटेपासून न्हाणीपर्यंतची वाट मोकळी आणि उजेडाची हवी, आणि उठल्यावर लगेच न चालता मिनिटभर खाटेच्या कडेवर बसायची सवय हवी. एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो आणि पाय अंगाखाली राहत नाहीत. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर घरातली दोन्ही माणसं अंथरुणाला खिळतात.

गोळ्यांची चूक दोन रोग्यांच्या घरात फार सहज होते, कारण सगळ्या पाकिटांची एकच पिशवी असते. दोन वेगळ्या रंगांचे डबे करावेत. कागद सौंसरचा हिंदीत, नागपूरचा इंग्रजीत. भिंतीवर मात्र मराठीत मोठ्या अक्षरात तक्ता लावावा: कुणाला, कोणती, जेवणाआधी की नंतर. सासूबाई जेवल्याच नाहीत तर साखरेची गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून त्याच तक्त्यावर लिहून ठेवावं. नावापुढे एसआर किंवा एक्सएल असलेली गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून देऊ नये. दिवसभरात हळूहळू उतरायचं औषध मग एकदम रक्तात जातं.

आता रात्र. माझ्या मते सगळी व्यवस्था टिकते की मोडते ते रात्रीवर ठरतं. दोन तासांचा नियम रात्रभर शब्दशः पाळला तर सेवा करणारी सलग झोपतच नाही, आणि न झोपलेल्या हातून गोळी चुकते, तोल जातो, शब्द चुकतो. गादी चांगली असेल आणि सकाळी कातडी स्वच्छ दिसत असेल, तर रात्रीचं अंतर चार तासांपर्यंत वाढवायला बहुतेकदा परवानगी मिळते. ती डॉक्टरांकडे मागावी, मागायला लाजू नये. रात्री अकराला आणि पहाटे तीनला, एवढं ठरलं तर मधले चार तास तिचे होतात. तीनची पाळी घरातल्या दुसऱ्या पुरुषाने किंवा मोठ्या मुलाने घ्यावी. कूस बदलायला ताकद लागते आणि ती त्यांच्यात जास्त आहे. मन फारच खचलं तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

सरकारी आधार किती पुरतो हेही समजून घ्यावं. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि योजनेचं कार्ड मध्यप्रदेशातलं असलं तरी नागपुरातल्या योजनेतल्या दवाखान्यात चालतं. पण ते भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. घरी लागणारी गादी, डायपर, फिजिओथेरपी यांना ते उपयोगी नाही. डिस्चार्जनंतरच्या 15 दिवसांची औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात, ती मागून घ्यावीत. नवऱ्याचं अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवावं, पुढच्या बऱ्याच योजनांना तेच लागतं.

आई-वडिलांच्या सांभाळाचा 2007 चा कायदा जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर टाकतो. त्या यादीत सुनेचं नाव नाही. गावोगाव हे काम करते ती मात्र सूनच.

म्हणून शेवटचं सांगणं नागपुरात, पुण्यात नोकरीला असलेल्या लेकी-लेकांना. फोनवर आजीची आणि बाबांची चौकशी करता तशी आईला विचारा, काल सलग किती तास झोपलीस. पैसे पाठवा, ते लागतातच. पण महिन्यातून दोन शनिवार-रविवार रामाकोन्याला या, कूस कशी बदलायची ते आईकडून शिका आणि त्या रात्री तिला दुसऱ्या खोलीत झोपू द्या. कोणते दोन, ते आजच फोन करून सांगा.