क्रूरकर्म्याची रोजनिशी

समजा, दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या ट्रंकेत तुम्हाला एक जुनी वही सापडली. उघडून पाहता तर कुणाची तरी रोजनिशी! दुसऱ्याची डायरी वाचू नये, हे आपण मुलांना कितीदा तरी बजावलेलं असतं. पण खरं सांगा, तुम्ही ती तशीच मिटून ठेवाल? मी तर नाही बाई ठेवणार.

आणि ती वही ज्याच्या नावानं लोक थरथर कापत अशा माणसाची असेल, तर मग बोलायलाच नको. आत काय असेल असं वाटतं तुम्हाला? कटकारस्थानं? शिव्याशाप? मी जिच्याबद्दल सांगणार आहे, त्या रोजनिशीची सुरुवातीची पानं म्हणजे नुसतं रडगाणं आहे. खिशात पैसे नाहीत, नोकरी नाही, वडिलांच्या जिवावर जगावं लागतंय, आणि आपल्यावर जीव लावणारं या जगात कुणीच नाही!

ही रोजनिशी योझेफ गोबेल्सची. हिटलरचा प्रचारमंत्री. नाव तुमच्या कानावरून गेलं असेलच. एखादा पुढारी धडधडीत खोटं पुन्हापुन्हा सांगू लागला, की आपली वर्तमानपत्रं त्याला 'गोबेल्स तंत्र' म्हणतात, तोच हा.

१८९७ साली जर्मनीतल्या ऱ्हाइट नावाच्या लहानशा गावी, एका कारकुनाच्या घरी तो जन्मला. लहानपणच्या आजारानं उजवा पाय अधू झाला, शस्त्रक्रियाही फसली. पहिल्या महायुद्धात बरोबरीची मुलं सैन्यात गेली, याला पायामुळं घेतलं नाही. शिकला मात्र भरपूर, हायडेलबर्गच्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पण श्रीमंत घरची जी मुलगी त्याला आवडत होती, ती त्याला सोडून दुसऱ्याची झाली. कादंबरी लिहिली, ती छापायला बरीच वर्षं कुणी मिळेना. बँकेत चिकटला, ती नोकरीही टिकली नाही.

अशा पडत्या काळात त्याला एल्झ यांके भेटली. गावातल्याच शाळेत ती शिक्षिका होती. ऑक्टोबर १९२३ मध्ये तिनं त्याला एक कोरी वही भेट दिली. बिचारीला वाटलं असेल, मनातलं कागदावर उतरवलं की याचं मन हलकं होईल. त्या वहीपासून ही रोजनिशी सुरू झाली.

आता गंमत बघा. गंमत कसली म्हणा! एल्झची आई ज्यू होती. तिनं ते त्याला विश्वासानं सांगितलं होतं. ते कळल्यावर आपल्या मनातली तिची मोहिनी ओसरली, असं या गृहस्थानं लिहून ठेवलंय. तरी पुढं दोन-तीन वर्षं तिच्याकडून माया घेत राहिलाच. मग हिटलर भेटला, १९२६ च्या अखेरीला बर्लिनची गादी मिळाली आणि एल्झ मागं पडली.

पुढं पानं भराभर वाढत गेली. डिसेंबर १९३१ मध्ये माग्दा क्वांट या घटस्फोटित, श्रीमंत बाईशी लग्न झालं. लग्नाला साक्षीदार खुद्द हिटलर! एकामागून एक सहा मुलं झाली: हेल्गा, हिल्ड, हेल्मुट, होल्ड, हेडा आणि हाइड. मुलांबद्दल तो अगदी लाडानं लिहितो. धाकटी हाइड तर त्याच्याच वाढदिवशी जन्मली. एखाद्या रविवारचं पान नाव झाकून वाचायला दिलं, तर आपण म्हणू, किती बाई कुटुंबवत्सल माणूस!

आणि १९३८ चा ऑगस्ट. लीडा बारोवा या चेक नटीच्या तो पुरता नादी लागला होता. माग्दानं सरळ हिटलरकडं गाऱ्हाणं नेलं आणि हिटलरनं हुकूम सोडला की हे बंद. त्या दिवसांत गोबेल्स अगदी कोलमडून गेलेला दिसतो. तिच्याशी फोनवरचं शेवटचं बोलणं, फुटून जाणारं काळीज, आयुष्य किती निष्ठुर आहे, पण कर्तव्य आधी... सगळं सगळं त्यानं लिहिलंय.

इथवर आलं की आपलं बायकांचं मन हळवं होतंच. 'तापट आहेत हो, पण मनानं वाईट नाहीत' हे वाक्य आपण किती घरांतून ऐकलंय! माझ्या ओळखीच्या एक बाई नवऱ्याच्या माराचे वळ पदरानं झाकत हेच सांगायच्या. वर पुरावा द्यायच्या, 'अहो, आई वारल्या तेव्हा लहान मुलासारखे रडले.' आणि मीही मान डोलवायची. आता वाटतं, तो रडला खरा, पण कुणासाठी? गोबेल्सचे अश्रू मी पुन्हा वाचून पाहिले. त्यात 'माझं' दुःख आहे, 'माझा' एकटेपणा आहे. सहा वर्षांत पाच बाळंतपणं काढलेल्या माग्दाच्या मनाचं काय झालं असेल, त्याला त्यात फारशी जागा नाही.

आणि त्या रडण्याला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हाचं पान बघा. ९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र. म्यूनिकमध्ये भाषण करून यानंच लोकांना ज्यूंवर सोडलं. देशभर प्रार्थनामंदिरं पेटली, दुकानं फुटली, माणसं मारली गेली, सुमारे तीस हजार पुरुषांना छळछावण्यांत नेलं. हॉटेलवर परतताना आकाश लालभडक झालेलं त्याला दिसतं, काचा फुटल्याचे आवाज येतात, आणि रोजनिशीत तो त्यांना शाबासकी देतो. हात तोच, मनही तेच.

जुलै १९४१ पासून तो हातानं लिहीनासा झाला, लघुलेखकाला सांगू लागला. २७ मार्च १९४२ च्या नोंदीत पोलंडमधल्या ज्यूंचा हिशेब आहे: शेकडा साठ मारावे लागतील, चाळीस कामाला लावता येतील. हे रानटी आहे असंही तोच म्हणतो, आणि पुढं जातो. आपण वाण्याचा हिशेब मांडतो तसा!

तुम्ही म्हणाल, गुप्त वहीत माणूस खरं तेच लिहिणार. पण ही वही कितपत गुप्त होती? १९३६ सालीच त्यानं ती नाझी पक्षाच्या प्रकाशकाला विकून टाकली होती! अडीच लाख मार्क रोख, शिवाय दरसाल एक लाख. छापायची मात्र त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. म्हणजे रडतानाही पुढच्या वाचकांकडं डोळा होताच की.

प्रकाशकाचा बेत काही तडीला गेला नाही. युद्धानंतर बर्लिनमध्ये टाइप केलेल्या पानांचा एक गठ्ठा चक्क रद्दीतून वर आला आणि त्याचं पुस्तक १९४८ मध्ये निघालं. गोबेल्सनं पानांची सूक्ष्म छायाचित्रं काचेच्या पट्ट्यांवर घेऊन ठेवली होती, ती १९९२ मध्ये एल्क फ्रॉलिश या संशोधक बाईंना मॉस्कोच्या दप्तरखान्यात सापडली. त्यांनी संपादलेल्या रोजनिशीचे मजकुराचेच एकोणतीस खंड भरले. हे काम २००८ पर्यंत चाललं होतं.

इतक्या पानांत एक गोष्ट मात्र नाही. हाती आलेल्या नोंदी एप्रिल १९४५ च्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. १ मे ला बर्लिनच्या तळघरात त्या सहाही मुलांना गुंगीचं औषध देऊन विष घातलं गेलं. थोरली हेल्गा बारा वर्षांची, धाकटी हाइड चार. मग आईबापांनी जीव दिला. माग्दाचा पहिल्या लग्नाचा मुलगा ब्रिटिशांच्या कैदेत होता, म्हणून वाचला. त्याला तिनं पत्र लिहिलं होतं: फ्यूररनंतरचं जग जगण्याच्या लायकीचं नाही, म्हणून मुलांनाही सोबत नेते आहे. एक आई हे लिहिते! ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

त्याच वर्षांत त्याच देशात दुसरी एक रोजनिशी लिहिली जात होती, आणि ती मात्र खरोखर गुप्त. ड्रेसडेनचे व्हिक्टर क्लेम्पेरर हे ज्यू घराण्यातले प्राध्यापक. बायको एव्हा ज्यू नव्हती, म्हणूनच ते छावणीतून वाचले. त्यांच्या वहीत सगळा संसार आहे: आज टेलिफोन काढून नेला, आज टाइपरायटर, आज फुलं विकत घ्यायची बंदी. मे १९४२ मध्ये ज्यूंच्या घरी पाळीव जनावर नको असा हुकूम निघाला. त्यांचा मुशेल नावाचा बोका होता. त्याला नेहमीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून एव्हाच जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली, आणि तो जाईपर्यंत तिथंच थांबली.

पोलिसांची धाड कधी पडेल याचा नेम नसे. पानं सापडली असती तर दोघांचाही जीव गेला असता, शिवाय ज्यांची नावं लिहिलीत त्यांचाही. म्हणून लिहून झालेली पानं एव्हा थोडी थोडी करून जवळच्या पिर्ना गावी न्यायची. तिथं त्यांची मैत्रीण आनेमारी क्योलर डॉक्टर होती, ती ती लपवून ठेवायची. युद्ध संपेपर्यंत ती पानं तिथंच राहिली. त्यांचं पुस्तक १९९५ मध्ये निघालं. एव्हा १९५१ मध्येच वारली होती.